शहरातल्या लढाईचे चित्रपट: खरेपणा नेमका कशात बघायचा?

गच्चीवरून:

‘वॉरफेअर’ (2025) पाहिला आणि पाठोपाठ ‘ब्लॅक हॉक डाऊन’ (2001) पुन्हा लावला. पहिला इराकमधल्या रमादीतल्या एका घरात घडतो, तारीख 19 नोव्हेंबर 2006, एकच अमेरिकी तुकडी, सगळं मिळून दीड तासाचा ऐवज. दुसरा सोमालियातल्या मोगादिशूच्या बाजारपेठेत, हेलिकॉप्टर पाडली गेल्यावर अडकलेल्या अमेरिकी सैनिकांचा, 3 आणि 4 ऑक्टोबर 1993. दोन्ही खऱ्या घटनांवर बेतलेले. पण एकात सुरुवातीला कितीतरी वेळ माणसं नुसती बसून राहतात, आणि दुसऱ्यात श्वास घ्यायला उसंत नाही. तरी बघताना दोन्ही खरे वाटतात.

रक्त किती दाखवलंय याबद्दल मला विचारायचं नाही. मला चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. गोळी जवळून जाते तेव्हा चाबूक ओढल्यासारखा कडाका का येतो? खोलीत शिरताना सगळे ठरावीक क्रमाने शिरतात, तो क्रम काय असतो आणि चित्रपट त्यात कुठे चुकतात? स्फोटात एवढ्या ज्वाळा खरंच असतात का? आणि 26/11 वर निघालेले चित्रपट या कसोटीला उतरतात का?

या चर्चामंचावर या विषयाचे जाणकार आहेत, म्हणून सविस्तर उत्तरांची अपेक्षा आहे.

कानोसा:

आवाजाचं सांगतो.

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. एके-47 ची गोळी नळीतून सुटताना सेकंदाला 700 मीटरच्या वर असते, अमेरिकी एम4 ची 900 च्या आसपास. म्हणजे गोळी आपल्या बंदुकीच्या आवाजाच्या पुढे धावते. ती कानाजवळून जाते तेव्हा तिच्यामागची धक्कालहर ऐकू येते, तोच तो कडाका. बंदुकीचा धप्प आवाज मागाहून पोचतो. 300 मीटरवरून एके झाडली तर या दोन आवाजांत जवळपास एक तृतीयांश सेकंदाचं अंतर पडतं. 100 मीटरवर ते इतकं कमी होतं की कान तयार असेल तरच कळतं, आणि 50 मीटरवर दोन्ही आवाज एकच होऊन जातात. हे अंतर ऐकून शत्रू किती लांब आहे याचा अंदाज बांधायला सैनिकांना शिकवतात.

आता शहराची अडचण. कडाका जिथून आल्यासारखा वाटतो तिथे बंदूक नसते. गोळीच्या वाटेवरचा, तुमच्या बाजूचा एखादा बिंदू तो आवाज तुमच्याकडे पाठवतो. त्यात दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून प्रतिध्वनी. त्यामुळे गोळी कुठल्या खिडकीतून आली हे रस्त्यावरच्या माणसाला बहुतेक वेळा कळतच नाही. चित्रपट खोटा पडतो तो इथे: गोळी आली की लगेच कॅमेरा गच्चीवरच्या बंदूकधाऱ्यावर जातो. प्रेक्षकाला कळलं, त्यासोबत नायकालाही कळलं. ‘वॉरफेअर’मध्ये शत्रू जवळजवळ दिसतच नाही, आणि ते त्या घरातल्या माणसांच्या अनुभवाला धरून आहे.

दुसरं, कान. रायफलचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाशी 160 डेसिबलच्या घरात जातो, आणि कान दुखायला 140 पुरतात. बंद खोलीत भिंती तो आवाज परत फेकतात. अशा खोलीत दोन मॅगझिन (गोळ्यांच्या पेट्या) झाडल्यावर कुणी शांतपणे कुजबुजून सूचना देत असेल तर तो प्रसंग खोटा आहे. माणसं ओरडतात, तेच वाक्य तीनदा बोलतात, खांदा दाबून खूण करतात. ‘ब्लॅक हॉक डाऊन’मध्ये एका सैनिकाच्या कानाशी त्याचाच साथीदार मशिनगन चालवतो, आणि नंतर त्याला धड ऐकू येत नाही. दिग्दर्शकाने ते लगेच विसरू दिलेलं नाही. बहुतेक चित्रपट स्फोटानंतर कानात ‘ईईई’ वाजवतात आणि दहा सेकंदांत सगळं ठीक करतात, कारण पुढे संवाद आहेत. खरा गुंजारव तासन्‌तास टिकतो. ‘वॉरफेअर’मध्ये दारापुढच्या स्फोटानंतर ज्याच्या जवळ कॅमेरा आहे त्याच्या कानाने आवाज ऐकू येतो, कुणाचा दबलेला, कुणाचा स्पष्ट. सुरुवातीचं व्हिडिओतलं पॉप गाणं सोडलं तर त्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. मग जखमीचं ओरडणं झाकायला काहीच उरत नाही, आणि ते थांबतही नाही.

उंबरठा:

खोलीत शिरण्याबद्दल.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे दाराची चौकट. आतल्या माणसाला दार कुठे आहे हे माहीत असतं, तुम्हाला तो कुठे आहे हे माहीत नसतं. म्हणून चौकटीत कुणी थांबत नाही. पहिला आत जाऊन एका कोपऱ्याकडे, दुसरा त्याच्या उलट्या कोपऱ्याकडे, तिसरा पहिल्याच्या बाजूला, चौथा दुसऱ्याच्या. प्रत्येकाला खोलीचा एक तुकडा वाटून दिलेला असतो आणि बंदुकीची नळी त्या तुकड्याबाहेर, विशेषतः साथीदाराच्या अंगावरून, फिरवायची नसते. लक्ष्य दिसेपर्यंत बोट चापावर नाही, चापाच्या वर बाजूला सरळ.

चित्रपटात काय होतं? पहिला आत शिरून मधोमध थांबतो, कारण कॅमेऱ्याला त्याचा चेहरा हवा असतो. मागचे तिघे चौकटीत अडकतात. सगळ्यांच्या नळ्या एकाच दिशेला. बंदूक गालाजवळ आभाळाकडे धरून भिंतीला पाठ लावलेला नायक तर अजूनही दिसतो. भिंतीला चिकटणंही चूक आहे. तिरकी आलेली गोळी भिंतीवर आपटली की भिंतीला समांतर सरकत जाते, म्हणून जाणती माणसं भिंतीपासून थोडं अंतर ठेवून चालतात. कोपऱ्यावरही तसंच: कोपऱ्यापासून हातभर मागे राहून अर्धवर्तुळात एकेक पाऊल टाकायचं, म्हणजे पलीकडचा भाग भाकरीच्या चतकोरासारखा थोडा थोडा उघडा होतो.

माणसं मोजा. ही सवय लावली की अर्धे चित्रपट तिथेच उघडे पडतात. प्रत्येक तपासलेल्या खोलीनंतर, प्रत्येक जिन्याच्या वळणावर, प्रत्येक न उघडलेल्या दारापाशी कुणीतरी मागे थांबावं लागतं, नाहीतर शत्रू पाठीमागून परत येतो. चार मजल्यांची साधी इमारत बारा जणांची तुकडी पार गिळून टाकते. चित्रपटात मात्र चौघे जण चारही मजले उरकतात आणि मागची दारं कुणाच्या लक्षातही राहत नाहीत.

खिडकी: चौकटीवर नळी टेकवून गोळ्या झाडणारा सैनिक दिसला की समजा, सल्लागाराचं कुणी ऐकलेलं नाही. नेमबाज खोलीत आत, अंधारात बसतो, नळी बाहेर दिसत नाही. ‘वॉरफेअर’मधली तुकडी भिंतीला पाडलेल्या छोट्या भगदाडातून नजर ठेवते. तासन्‌तास तेच: एक डोळा दुर्बिणीला, दुसरा माणूस नोंदी करतोय, बाकीचे घामेजून बसलेत. मग त्याच भगदाडातून हातबॉम्ब आत येतो. शहरातल्या लढाईची ही खरी गाठ आहे. ज्या भोकातून तुम्ही बघता ते बाहेरच्यालाही माहीत होतं, फक्त थोड्या वेळाने.

भिंतींचं एक लक्षात ठेवा. इराकमधली घरं विटा-काँक्रीटची. तिथे एम4 च्या एकदोन गोळ्या पलीकडे जात नाहीत, गिलावा उडतो, तुकडे चेहऱ्यावर येतात. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या पातळ भिंतींतून त्याच गोळ्या आरपार जातात. मोटारीचं दार कुठेच गोळी अडवत नाही. अडवतं ते इंजिन, आणि थोडंफार चाक. उघड्या दारामागे लपून वाचलेला नायक हा निव्वळ चित्रपटाचा शोध आहे.

म्हणूनच रस्त्यावरून न जाता घराघरांतून, मधल्या भिंती फोडत पुढे सरकण्याची पद्धत आहे. 1943 मध्ये इटलीतल्या ऑर्टोना गावात कॅनडाच्या सैन्याने ती वापरली, 2002 मध्ये नाब्लुसमध्ये इस्रायली सैन्याने. घण, स्फोटकं, धूळ, आणि पलीकडे स्वयंपाकघरात बसलेलं कुटुंब. या पद्धतीला जितकं महत्त्व आहे त्या मानाने ती पडद्यावर फारच कमी येते.

मुलतानी:

स्फोटाचं आणि चित्रीकरणाचं सांगतो.

एम67 हातबॉम्बचं वजन साधारण 400 ग्रॅम, पिन काढून सोडल्यावर चार ते पाच सेकंद. पाच मीटरच्या आत जीव जातो, पंधरा मीटरपर्यंत माणूस जखमी होऊ शकतो. दिसायला काय दिसतं? क्षणभर लख्ख, मग करडा-काळा धूर आणि जमिनीवरची सगळी धूळ. ज्वाळांचा नारिंगी गोळा येतो तो पेट्रोलचा. स्फोटक इतक्या चटकन संपतं की सेकंदाला 24 चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ते एखाद्या चौकटीत चमकून जातं. पेट्रोल सावकाश जळतं, छान दिसतं, म्हणून ते वापरतात. ‘द हर्ट लॉकर’ (2008) च्या सुरुवातीचा स्फोट पुन्हा बघा. तिथे अतिवेगवान कॅमेऱ्याने जमिनीवरची खडी उचलली जाताना आणि गंजक्या मोटारीच्या पत्र्यावरून गंजाचे पापुद्रे सुटताना दाखवलेत. आगीपेक्षा तो हवेचा धक्का माणसाला मारतो, आणि पडद्यावर तो इतका स्पष्ट क्वचितच दिसतो. त्या चित्रपटातली तीन माणसं एकटीच बगदादभर गाडी घेऊन फिरतात हे मात्र खरं नाही. बॉम्बनाशक पथक सुरक्षा तुकडीशिवाय हलत नाही.

आरपीजी-7, म्हणजे खांद्यावरून सोडायचं रॉकेट, त्याबद्दलही गैरसमज आहे. चित्रपटात ते धुराची शेपटी घेऊन इतक्या निवांत येतं की कुणीतरी ओरडून सावध करतो आणि सगळे झेपावतात. प्रत्यक्षात 100 मीटर पार करायला त्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. आणि मागच्या बाजूने निघणारा झोत लहान खोलीत झाडणाऱ्यालाच भाजून काढतो. मोगादिशूत हेलिकॉप्टरवर नेम धरण्यासाठी नळी आभाळाकडे करावी लागत होती, मग झोत जमिनीवर आपटून परत अंगावर येणार. त्यासाठी तिथल्या लढवय्यांनी मातीच्या रस्त्यांत खड्डे खणले होते. त्यांना नुसती चवताळलेली गर्दी म्हणून दाखवणाऱ्या चित्रपटाने ही अक्कलहुशारी फारशी दाखवली नाही, याचं मला वाईट वाटतं.

पडद्यावरची गोळी कशी बनते तेही बघा. कोऱ्या (ब्लँक) काडतुसात शिशाची गोळी नसते, त्यामुळे नळीत पुरेसा दाब तयार होत नाही आणि बंदूक आपोआप पुढचं काडतूस ओढत नाही. म्हणून नळीत आतून अरुंद भोकाचा अडसर बसवतात. सैन्याच्या सरावात हाच अडसर नळीच्या तोंडावर रंगीत ठोकळ्यासारखा दिसतो, चित्रपटात तो लपवतात. कोऱ्या काडतुसात दारू पूर्ण, अर्धी किंवा पाव असते. पूर्ण दारूचं काडतूस खऱ्यापेक्षा मोठी ज्वाळा काढतं, पण खांद्याला धक्का जवळपास देत नाही. नटाचा खांदा हलत नाही आणि नळीतून हातभर ज्वाळा निघते, हे दोन्ही एकत्र दिसलं की ओळखा.

कोरं काडतूस निरुपद्रवी असतं असं कुणी समजू नये. 1993 मध्ये अभिनेता ब्रँडन ली चित्रीकरणात गेला तो नळीत आधीच अडकलेल्या गोळीमुळे, मागून कोरं काडतूस झाडलं आणि तीच बाहेर आली. कुणी लघुपट करत असेल तर सरळ रबरी किंवा हवेवर चालणारी नकली बंदूक घ्या आणि ज्वाळा नंतर संगणकावर घाला. रस्त्यावर चित्रीकरण असेल तर पोलीस ठाण्यात लेखी कळवल्याशिवाय नकली बंदूकही बाहेर काढू नका.

ज्वाळा नंतर घालण्याला आणखी एक कारण आहे. नेहमीच्या, म्हणजे 360 पैकी 180 अंश उघड्या शटरला चौकटीचा अर्धा वेळ कॅमेरा मिटलेला असतो, म्हणजे निम्म्या ज्वाळा टिपल्याच जात नाहीत. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ने किनाऱ्यावरच्या लढाईसाठी शटर 90 आणि 45 अंशांवर आणलं आणि ती तुटक, कोरडी हालचाल सगळ्यांनी उचलली. 45 अंशांवर कॅमेरा वेळेच्या फक्त एक अष्टमांश उघडा असतो. डिजिटल कॅमेऱ्यात वेगळीच पंचाईत, ज्वाळा अर्ध्याच चौकटीत आडवी कापलेली येते.

भिंतीवर गोळी लागल्यावर ठिणग्या उडत नाहीत, चुना आणि विटेची भुकटी उडते. बहुतेक ठिकाणी ही धूळ म्हणजे मुलतानी माती, हॉलीवूडमध्येही तीच. कमी खर्चात करायचं तर भिंतीला बोटभर खोल भोक पाडून त्यात मुलतानी भरा, मागे मासेमारीच्या दोऱ्याला बांधलेला वॉशर बसवा, वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर द्या, रंग मारा. दोरा हिसडला की भुकटीचा फवारा निघतो. थर नखाएवढ्या जाडीचा झाला तर तो पोळीसारखा अख्खा सुटून पडतो आणि सगळं फसतं, म्हणून आधी फळीवर तीनचार करून बघा. ढिगाऱ्याचे उडणारे तुकडे बुचाच्या लाकडाचे करा. काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर मास्क हवाच, मुलतानी दिवसभर फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

गच्चीवरून:

तिघांचेही आभार, माणसं मोजण्याची सवय तर लगेच लावून घेतो. एक शंका: ‘ब्लॅक हॉक डाऊन’मधला गाड्यांचा ताफा त्याच त्या गल्ल्यांत फिरत राहतो. वरून विमान बघत असताना रस्ता चुकतो कसा? हे नाट्यासाठी वाढवलंय का?

नकाशेवाला:

नाही, हे घडलंय, आणि मला तो चित्रपटातला सर्वांत खरा भाग वाटतो.

वर टेहळणी विमान होतं, त्यांना रस्ते दिसत होते. पण त्यांना थेट ताफ्याशी बोलण्याची सोय नव्हती. विमानाने वरच्या अधिकाऱ्यांना सांगायचं, तिथून निरोप खाली ताफ्याला. ‘डावीकडे वळा’ हे शब्द पोचेपर्यंत ते वळण मागे पडलेलं असायचं. मग ताफा पुढच्या डावीकडे वळायचा, आणि तिथे पुन्हा गोळीबार. शिवाय ताफा ताणला-आखडला जातो. पुढची गाडी चौक ओलांडून पायी चालणाऱ्या साथीदारांसाठी थांबली की मागच्या गाड्या जिथे असतील तिथे थांबतात, आणि त्यातली एखादी नेमकी चौकाच्या मध्यावर, दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतून येणाऱ्या गोळ्यांत. गाड्या बहुतेक साध्या हमवी (सैन्याच्या जीपसारख्या गाड्या), चिलखत जवळजवळ नाहीच.

मोहीम तासाभराची समजून दुपारी निघाले, म्हणून अनेकांनी रात्री बघायच्या दुर्बिणी आणि पाण्याच्या बाटल्या मागे ठेवल्या. रात्र तिथेच काढावी लागली. हे चित्रपटात आहे. नाही ते असं: सुटका करणाऱ्या ताफ्यात मलेशियाच्या चिलखती गाड्या आणि पाकिस्तानचे रणगाडे होते, मलेशियाचा एक सैनिक मारलाही गेला. चित्रपटात त्यांचा उल्लेख नावापुरता. शेवटी सगळे धावत थेट पाकिस्तानी तळ असलेल्या स्टेडियमपर्यंत जातात तेही तसं झालेलं नाही. धावले ते ठरलेल्या ठिकाणापर्यंत, पुढे गाड्यांनी नेलं. आणि शिरस्त्राणांवरची नावं? ती प्रेक्षकांसाठी. धुळीने माखलेले सारखे चेहरे ओळखू यावेत म्हणून लिहिली. चित्रीकरण मोरोक्कोतल्या राबात आणि साले इथलं, गल्लीची रुंदी आणि गच्च्यांची उंची मात्र नीट साधली आहे. याच्या उलट ‘फुल मेटल जॅकेट’मधलं व्हिएतनामचं ह्वे शहर लंडनच्या बंद पडलेल्या गॅस कारखान्यात उभं केलं होतं, ताडाची झाडं आणून लावली, तरी आभाळाचा रंग इंग्लंडचाच राहिला.

‘ब्लॅक हॉक डाऊन’मध्ये सैनिकाच्या मांडीच्या वर, जांघेत लागलेल्या जखमेचा प्रसंग बघवत नाही, पण तो टाळू नका. तिथे टूर्निकेट (रक्त थांबवायला करकचून बांधायचा पट्टा) बांधायला जागाच नसते. बाहेर वाट बंद, आत एक रक्तवाहिनी हाताने शोधणारा परिचारक. पुढे अमेरिकी सैन्याने रणभूमीवरच्या उपचारांच्या पद्धती बदलल्या, त्यामागे मोगादिशूचे धडे होते.

उंबरठा:

26/11 बद्दल राहिलं. ‘हॉटेल मुंबई’ (2018) मधलं बरंच चित्रीकरण ऑस्ट्रेलियात ॲडलेडला झालं, पण ताजच्या जुन्या इमारतीचे जिन्याभोवतालचे लांब कॉरिडॉर त्यात चांगले उतरलेत. अशा कॉरिडॉरमध्ये एका टोकाला बसलेला एक बंदूकधारी दहा माणसं अडवून धरतो, कारण मध्ये आडोसाच नाही. पिस्तुलं घेऊन आत गेलेले मुंबई पोलीस सीसीटीव्ही कक्षाकडे का निघतात, हे चित्रपट नीट समजावतो. प्रत्यक्षातही विश्वास नांगरे पाटील आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले होते. हातात पुरेशी हत्यारं नसताना शत्रू कुठल्या मजल्यावर आहे हे कळणं हीच मोठी गोष्ट.

उणीव आहे ती वेळेची. 26 च्या रात्रीपासून 29 च्या सकाळपर्यंत चाललेलं काम चित्रपटात एका रात्रीसारखं वाटतं, आणि एनएसजीचे (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे) कमांडो आले की दहा मिनिटांत संपतं. खोली, न्हाणीघर, कपाट, पुन्हा पुढची खोली, दार उघडायला घाबरलेले पाहुणे, आणि त्यांच्यात अतिरेकी तर नाही ना याची शंका. ही दमवणारी कूर्मगती कुणीच दाखवलेली नाही. ‘मेजर’ (2022) मध्येही लढाई एका माणसाभोवती फिरते.

नरिमन हाऊसवर तर मला स्वतंत्र चित्रपट हवाय. 28 च्या सकाळी हेलिकॉप्टरमधून दोरावरून गच्चीवर उतरलेले कमांडो, मग वरून खाली एकेक मजला. वरून खाली जाणं सोयीचं, हातबॉम्ब जिन्यावरून खाली टाकता येतो आणि चढून दमही लागत नाही. पण ते सगळं दूरचित्रवाणीवर थेट दिसत होतं, आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ते बघून फोनवर आतल्यांना सूचना देत होते. 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना यावरूनच खडसावलं.

कानोसा:

गच्चीवरून, यादीत ‘मोसूल’ (2019) घाला. इराकमधल्या निनवे प्रांताच्या स्वाट पथकावर (पोलिसांच्या विशेष सशस्त्र पथकावर) आहे आणि संवाद इराकी अरबीत आहेत, म्हणून डब केलेला न बघता मूळ आवाजात उपशीर्षकांसह बघा. गोळ्यांचा हिशेब सतत चालू असतो: बंदूक पूर्ण स्वयंचलित ठेवली तर तीस गोळ्यांचं मॅगझिन दोन-तीन सेकंदांत रिकामं होतं, आणि या माणसांना मागून रसद नाही. म्हणून सिगारेटी देऊन गोळ्या मिळवण्याचा एक पूर्ण प्रसंग आहे, घासाघीस धरून. आणि पथकाचा प्रमुख जासेम कुठल्याही उद्ध्वस्त खोलीत विसावला की जमिनीवरचा कचरा उचलून एका जागी टाकतो. त्या हातांवर शेवटपर्यंत नजर ठेवा.